विचारल्याशिवाय नाही

साहेबांच्या दवाखान्यात डॉक्टरची खुर्ची आत नव्हती, बाहेर व्हरांड्यात होती. आत एक टेबल, एक पंखा आणि डोक्याला तारा चिकटवून मेंदूचा आलेख काढायची मशीन, जी मी चालवायची. पेशंटने रस्त्यावरच्या नळापाशी उतरायचं, तिथून पायरीपर्यंत चालत यायचं, आणि साहेबांनी ते चालणं बघायचं. त्यासाठी त्यांनी नळापासून पायरीपर्यंत सिमेंटची सरळ पट्टी घालून घेतली होती. बाजारातले लोक हसायचे. "डॉक्टर मरीज देखता है कि बारात?" म्हणायचे. हसोत बापडे. माणूस पायरीशी पोचायच्या आत साहेबांना कळलेलं असायचं की याचा उजवा हात झुलत नाही, त्याचं पाऊल जमीन सोडायला कां कूं करतं, आणि मागून येणारी बायको नवऱ्यापेक्षा जास्त घाबरलेली आहे.

पुढचा प्रकार मात्र सगळा उफराटा. इतर डॉक्टर सांगतात आणि पेशंट ऐकतो. साहेब पेशंटला समोर बसवायचे, चहा द्यायचे, कप तोंडापर्यंत कसा जातो ते बघायचे आणि विचारायचे, "बोला, काय जाणून घ्यायचंय?" दोन बसा बदलून आलेला माणूस यावर चिडणार नाही तर काय करणार? एक जण तर आत येऊन मलाच म्हणाला, की बाई, तुमच्या डॉक्टरले काही येते का नाही, मलेच विचारून राहिला. मी म्हणाली, येते, म्हणूनच विचारून राहिले. ते त्याच्या डोक्यावरून गेलं आणि तो दुसऱ्या डॉक्टरकडे गेला. असे पुष्कळ गेले.

ते पुण्याकडचे. नागपूरचं मोठं इस्पितळ सोडून मेंदूचा डॉक्टर गोंदियात कायले येतो, यावर गावात भरपूर खल झाला. कोणी म्हणे भानगड केली असेल, कोणी म्हणे बायकोशी पटत नसेल. बायकोशी त्यांचं उत्तम पटायचं. काकू कमी बोलायच्या, पण जे विचारायचं ते तोंडावर विचारायच्या, आणि साहेबांना तेवढंच हवं असायचं. साहेब लहानथोर सगळ्यांना 'बाई' नाहीतर 'बुवा' म्हणायचे. नाक गळणाऱ्या पोरीलाही 'बाई, जरा इकडं या' म्हणत. मी त्यांच्याकडे नोकरीला लागली तेव्हाही बाई, आणि घरची झाल्यावरही बाईच.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला त्यांचा नियम सांगितला. म्हणाले, जिथं आपला हात चालतो तिथं न विचारता सांगायचं, ओरडून सांगायचं. जिथं हात चालत नाही तिथं विचारल्याशिवाय नाही. मिरगी, लकवा, डोक्यातली गाठ, हे पहिल्या जातीचे आजार. ज्यांना फक्त नाव आहे आणि इलाज नाही, ते दुसऱ्या जातीचे.

पहिल्या जातीचं काही दिसलं की साहेब वेडेपिसे व्हायचे. फुलचूरला एका लग्नात नवरीचा मामा आहेर देता देता अडखळला, तोंड एका बाजूला गेलं. आमच्याकडे याला हवा लागली म्हणतात. हवा लागलेल्या माणसाला बंद खोलीत घोंगडीत गुंडाळून ठेवायचं आणि अंगाला कबुतराचं रक्त चोळायचं, ही जुनी रीत. एक पोरगा कबूतर आणायला निघालासुद्धा होता. साहेब पंगतीतून पत्रावळी ओलांडत धावले, मामाला उचललं, आणि समोर उभी होती ती नवरदेवाची फुलांनी सजवलेली गाडी घेऊन निघून गेले. मामा वाचला, आज परसात वांगी लावतो. वराकडचे लोक मात्र अजून बोलतात, की आमच्या गाडीत लकवेवाला नेला, अपशकुन केला. करा म्हणावं आता काय करायचं ते.

दुसऱ्या जातीचं काही दिसलं तर साहेब त्या माणसाशेजारी जाऊन बसायचे आणि हळूच म्हणायचे, "काही विचारायचं आहे का?" एवढंच. हे हळूहळू सगळ्यांना कळलं. लग्नात, तेरवीत, बँकेच्या रांगेत साहेबांनी कोणाला हे वाक्य म्हटलं की त्या माणसाचा घास तोंडातच राहायचा. एक तांदळाचा व्यापारी तर साहेब दिसले की रस्ता ओलांडून जायचा. मागून लोक त्यांना यमाचा मुनीम म्हणत. साहेबांना ते ठाऊक होतं. ते म्हणाले होते, की मुनीम बरा, तो निदान बोलावल्याशिवाय येत नाही.

हा नियम त्यांना कोणत्या पुस्तकाने दिला नव्हता. तो त्यांना माझ्या बापाने शिकवला.

आमचं गाव चिचगडच्या पुढं, जंगलाला लागून. घरची धानाची शेती. बाबा चाळिशीला आले तेव्हा त्यांच्या अंगात देवी यायला लागली. असं गाव म्हणायचं, आणि आम्हीही म्हणायचो. आधी बोटं नाचायची, मग खांदे, मग चालताना अख्खं अंग असं हेलकावायचं की अनोळखी माणूस दारू समजायचा. आजोबाचंही तसंच झालं होतं, तेव्हा देवी घराण्यातलीच आहे हे ठरलेलं होतं. नवरात्रात आणि मंडईच्या जत्रेला बाबांना देवीच्या ठाण्यापाशी पाटावर बसवायचे. लोक कौल मागायला यायचे. बाबांची जीभ जड झाली होती, बोलणं कळत नसे, म्हणून मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, शेजारी बसून अर्थ सांगायचे. यात लबाडी नव्हती. हे मी ठासून सांगते, कारण शहरातल्या माणसाला अशी गोष्ट ऐकली की आधी लबाडीच दिसते. मोठेबाबा कडक उपास करायचे, बाबा पाटावर बसले की रडायचे, आई पाटाखालची माती कपाळाला लावायची. सगळ्यांचा विश्वास होता, आणि माझा सगळ्यांत जास्त होता.

आमच्याकडे दिवाळी झाली की मंडई भरते, एकेका गावात एकेक दिवस. पाळणे, जिलेबी, दंडारीचा नाच, माहेरी आलेल्या पोरी. साहेब तेव्हा मंडया फिरायचे. म्हणायचे, एवढी माणसं एका जागी चालताना मला आणखी कुठं बघायला मिळणार? त्या वर्षी ते आमच्या मंडईत आले. मी तेव्हा शाळेत होती. गर्दीतून एक उंच माणूस पुढं आला, चपला काढल्या आणि बाबांसमोर उकिडवा बसला. बराच वेळ नुसता बघत राहिला. मग त्याने दोन बोटं पुढं केली आणि म्हणाला, "धरा, दाबून धरा." बाबांनी धरली. ती पकड घट्ट व्हायची, सैल पडायची, पुन्हा घट्ट व्हायची, गाईचं दूध काढावं तशी. लोक म्हणाले, देवीने साहेबाचा हात धरला.

मग तो म्हणाला, "आता जीभ बाहेर काढा, आणि तशीच बाहेर ठेवा."

बाबांनी जीभ काढली. ती बाहेर ठरेना. आत जायची, लपकन बाहेर यायची. झालं. अख्खी मंडई जमिनीवर आडवी झाली. देवीने जीभ दाखवली होती, असं आमच्या गावात कोणी कधी बघितलं नव्हतं. बायांनी कुंकू उधळलं, मोठेबाबांच्या डोळ्यांना धार लागली, पाळणेवाल्याने पाळणे थांबवले. आणि त्या सगळ्यात तो माणूस एकटा उकिडवा. जे बघायचं ते त्याने बघितलं होतं. शेवटी त्याने बाबांच्या पायावर डोकं टेकलं, नारळ फोडला आणि उठला.

दुपारी ते घरी आले. आईला विचारलं, सासऱ्याचंही असंच होतं का. आई अभिमानाने हो जी म्हणाली. तेव्हा साहेबांनी सांगून टाकलं, की ही देवी नाही, मेंदूचा आजार आहे, घराण्यातून उतरत येतो. तेव्हा त्यांचा नियम झालेला नव्हता. त्यांना वाटलं, खरं ते सांगावं.

आईने विचारलं, "बरा होईन काय?"

साहेब म्हणाले, नाही.

"मंग सांगता कायले जी?"

साहेबांनी अंगाचं नाचणं कमी करायच्या गोळ्या दिल्या आणि गेले. आईने त्या प्रसादासारख्या नेमाने दिल्या, आणि गोळ्यांनी काम केलं. हेच तर झालं. पुढच्या नवरात्रात बाबा पाटावर बसले आणि नुसते बसून राहिले, चार माणसं बसतात तसे. लोक वाट बघत होते. मोठेबाबा धूप वाढवत होते. दुपार कलली तसे लोक एकेक करून उठले. गाव म्हणालं, देवी रुसली, या घरात काही तरी विटाळ झाला. जे पोट्टे पाया पडायचे ते बाबांच्या बोबड्या बोलण्याची नक्कल करायला लागले. बाबांनी जेवण टाकलं, भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. साहेब मधूनमधून बघायला यायचे, तसे आले. बाबांनी त्यांच्या सदऱ्याला धरलं आणि म्हणाले, "माजी देवी कुठी नेली? वापस आन."

साहेब परसात गेले आणि मोहाच्या झाडाखाली बराच वेळ उभे राहिले. परत आले ते बाबांच्या खाटेपाशी खाली बसले. आईला नाही, मोठेबाबांना नाही, बाबांना म्हणाले, काय जाणून घ्यायचंय? हे वाक्य मी त्यांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. बाबांनी आजाराचं काही विचारलं नाही. एकच विचारलं, की गोळी बंद केली तं येईन काय. साहेब म्हणाले, येईल. बाबा म्हणाले, मंग बंद.

गोळ्या बेताबेताने बंद केल्या. देवी आली. लोकही आले. साहेबांनी आईला पेज घट्ट करायला शिकवलं, हनुवटी खाली धरून भरवायला शिकवलं, म्हणजे घास श्वासात जाणार नाही. बाबा गेले ते देवीचा माणूस म्हणून गेले. आजूबाजूच्या गावांतून माणसं मातीला आली, आणि साहेबांनी खांदा दिला. पुष्कळ वर्षांनी ते मला म्हणाले, "आजार खरा होता, गोळी खरी होती, तरी चूक माझी होती. मी देवी काढली आणि त्या जागी काही ठेवलं नाही."

सकाळी पेशंट यायच्या आधी आम्ही तर्री-पोहे खायचो, तेव्हा साहेबांना पुढच्या जमान्याचं बोलायला फार आवडायचं. म्हणायचे, हृदयाचा डॉक्टर हृदय बघतो आणि घरी जातो, पण मेंदूच्या डॉक्टरकडे उद्या सगळे येतील. मास्तर येतील, हे पोरगं शिकेल का सांगा. न्यायाधीश येतील, याने मुद्दाम केलं का सांगा. मुलीचा बाप येईल, जावई साठीत माझ्या पोरीला ओळखेल का सांगा. बिरसीच्या वैमानिकांच्या शाळेचं शिकाऊ विमान डोक्यावरून गेलं की हातातला चमचा तसाच वर धरून म्हणायचे, या पोराचे डोळे तपासले, छाती तपासली; उद्या मेंदू तपासतील आणि पन्नाशीत येणाऱ्या आजारासाठी आज याला खाली उतरवतील, आणि त्याने विचारलेलंही नसेल. पण म्हणून ते जुन्याला कवटाळून बसणारे नव्हते. नवीन औषधाची बातमी वाचली की लहान पोरासारखे खूश व्हायचे. एकदा म्हणाले, "बाई, तुमच्या वडिलांचा आजार एक दिवस पहिल्या जातीत येईल. त्या दिवशी मी स्टेशनवर उभा राहून ओरडेन." मी म्हणाली, लवकर येऊ द्या म्हणजे झालं.

मी असं काऊन म्हणाली ते सांगते. या आजाराला इंग्रजी नाव आहे, ते मी घरात उच्चारत नाही. तो बापाला असला तर लेकराला असतो किंवा नसतो, छापा की काटा. नसला तर सुटलो, असला तर चाळिशीच्या आगेमागे येतो आणि मग जात नाही. रक्त तपासलं की आधीच कळतं. हे सगळं मला नागपूरला मशीनचं शिक्षण घेताना कळलं, वर्गात, बाकावर बसून, शेजारची पोरगी जांभया देत असताना. मी रक्त तपासलं नाही. लग्नाआधी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, मले तरी कोणती गॅरंटी आहे, उद्या ट्रकखाली येईन. लोकांना हे वाक्य फार आवडतं. मला वाक्य आवडलं नाही, माणूस आवडला. लेकरू आम्ही होऊ दिलं नाही. त्याचं दुःख आहे आणि रोज आहे.

आणि साहेब, जे भाजीवालीचीसुद्धा चाल बघायचे, ते माझ्याकडे बघायचे नाहीत. सकाळी मी त्या सिमेंटच्या पट्टीवरून यायला लागली की ते पेपर तोंडापुढं धरायचे. मी ट्रे घेऊन समोरून गेली की चष्मा काढून पुसायचे. पहिल्या वर्षी मला वाटलं माझं काही तरी चुकतं. मग एक दिवस लक्षात आलं, आणि मी मशीनच्या खोलीत जाऊन रडली. त्यांना दिसलं असतं तर ते कळलं असतं, आणि कळलेलं लपवायला त्यांना येत नव्हतं, म्हणून ते बघतच नव्हते. मी विचारलेलं नव्हतं ना. कधी कधी संताप यायचा. वाटायचं, समोर जाऊन उभं राहावं आणि म्हणावं, बघा एकदाचं आणि सांगून टाका. शब्द ओठापर्यंत यायचे. मग पेशंट यायचा, तारा चिकटवायच्या असायच्या, दिवस निघून जायचा.

मध्यंतरी एका मोठ्या शहरातून काही तरुण मंडळी आली. त्यांच्याकडे फोनमध्ये बसवलेलं असं काही होतं की माणूस फोनपुढं चालला की फोन सांगायचा, हिरवा, पिवळा नाहीतर लाल. लाल म्हणजे मेंदूचा आजार येतो आहे. त्यांना साहेबांनीच बोलावलं होतं. म्हणाले, चिचगडच्या पुढं मेंदूचा डॉक्टर कधी जाणार नाही, फोन जाईल. शिबिराच्या दिवशी स्वतः सतरंज्या अंथरत होते. देवरीकडून, सालेकस्याकडून माणसं आली होती, जेवण शिजत होतं. दोन दोऱ्या बांधून मधे चालायची जागा केली होती. त्यांच्यातल्या एका पोरीने माझा हात धरला आणि म्हणाली, "ताई, तुम्ही आधी चालून दाखवा ना, म्हणजे लोकांना समजेल."

मी दोऱ्यांच्या मधे उभी राहिली. समोर फोन, बाजूला सगळं गोंदिया. नाही म्हणावं तर काय कारण सांगावं? तेवढ्यात साहेब मधे आले, दोन्ही हात पसरले आणि म्हणाले, "या बाई चालणार नाहीत."

ती पोरगी गोंधळली. सर, सगळ्यांची सही घेतली आहे, म्हणाली.

"सही घेतली. विचारलं नाही."

मग ते त्यांना समजावत राहिले, की रंग लगेच दाखवू नका, एकेकाला बाजूला घेऊन आधी विचारा की कळायला हवं का. ती मंडळी म्हणाली, ते आमच्या हातात नाही, फोन आपोआप दाखवतो आणि आपोआप वर पाठवतो. साहेब म्हणाले, मग बंद करा. शिबिर बंद झालं. लांबून आलेली माणसं शिव्या देत परत गेली. ती मंडळी पुन्हा गोंदियाला आली नाहीत, आणि चिचगडच्या पुढं फोन गेला नाही.

दवाखान्यात परत आल्यावर माझा तोल गेला. मी त्यांना कधी उलट बोलली नव्हती, त्या दिवशी बोलली. म्हणाली, "तुम्ही मले वाचवलं का चव्हाट्यावर आणलं? आता सारा गाव माझ्या पायाकडे बघून राहिला."

साहेब खुर्चीवर बसले. चेहरा पडला होता. म्हणाले, "हे माझ्या लक्षात आलं नाही, बाई." मग म्हणाले, की त्या रांगेत पहिल्या जातीची माणसंही असतील, त्यांना कळायला हवं होतं, त्यांचंही मी नुकसान केलं. मंडईत एकदा चुकलो, आज उलट्या बाजूने चुकलो. त्यांनी मला हात जोडले. एवढ्या मोठ्या माणसाने हात जोडलेले मला बघवले नाहीत. मी आत जाऊन चहा ठेवला. पण राग गेला नाही, हेही खरं. त्यानंतर गोंदियात मी वळून वळून बघत चालायची, कोण बघतं म्हणून.

त्या नंतरच्या वर्षी साहेब तेच ते विचारायला लागले. चहा झाला का, म्हणून विचारायचे, मी झाला म्हणायची, कप समोर असायचा, आणि पुन्हा विचारायचे. एका पेशंटला दोनदा बसवून दोनदा तपासलं. काकूंना कळलं होतं, मला कळलं होतं. हा आजार दुसऱ्या जातीचा. साहेबांनी विचारलं नव्हतं, तेव्हा आम्ही दोघी गप्प राहिलो. दोघी त्यांच्यापुढं हसत बोलायचो आणि आत जाऊन एकमेकींकडे बघायचो. दुसऱ्याचं न विचारलेलं जवळ ठेवणं म्हणजे काय असतं ते मला तेव्हा कळलं. ते माझ्यासाठी हे इतकी वर्षं करत होते, आणि मी त्यांच्यावर चिडली होती.

मग एका सकाळी पोहे खाता खाता ते थांबले. म्हणाले, "बाई, मी तेच ते विचारतो आहे का?"

मी म्हणाली, "हो जी."

"किती दिवसांपासून?"

पावसाळ्यापासून, मी सांगितलं. त्यांनी पोहे संपवले, हात धुतले, त्या दिवशीचे पेशंट नेहमीसारखे तपासले आणि संध्याकाळी स्वतः दवाखान्याला कुलूप लावलं. ते कुलूप पुन्हा उघडलं नाही. माझी मशीन दुसऱ्या इस्पितळाने घेतली आणि मलाही घेतलं.

साहेबांच्या फुलचूरच्या घरी मी रविवारी जायची. साहेब हळूहळू निसटत गेले. मला ओळखायचे, मग कधी ओळखायचे, मग ओळखेनासे झाले. जिभेवरची पकड गेली होती. मनात येईल ते बोलून टाकायचे, दूधवाल्याला म्हणाले तुला मिरगी आहे, आणि ती त्याला खरंच होती. काकूंना त्याची लाज वाटायची. माझ्याकडे मात्र त्यांचं लक्षच नसायचं, खिडकीबाहेर बघत बसायचे. मला तेच बरं वाटायचं.

मागच्या महिन्यात गेली तेव्हा काकू दारातच म्हणाल्या, आज फार बिघडलं आहे, मला सकाळपासून आई म्हणून राहिलेत. साहेब अंगणाच्या पलीकडे व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. मी अंगणातून त्यांच्याकडे चालायला लागली, आणि त्यांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं. माझ्या पायांकडे, मग हातांकडे, मग खांद्यांकडे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी अर्ध्यावर थांबली. मागं फिरावं असं वाटलं, पण मागं फिरलं तरी ते चालणंच होतं. मी गेली.

त्यांनी समोरचं स्टूल दाखवलं. मी बसली, हात मांडीवर ठेवले, घट्ट. ते हातांकडे बघत राहिले. चेहऱ्यावर अशी माया होती की मला मंडईतला तो दिवस आठवला नाही, काहीच आठवलं नाही, फक्त भीती वाटली. मग त्यांनी अगदी हळू आवाजात, पेशंटला विचारायचे तसं विचारलं.

"कधीपासून आहे हे, बाई?"

सकाळी स्वतःच्या बायकोला आई म्हणणारा माणूस. त्याच्या बोलण्याचं काय मनावर घ्यायचं, असं मी स्वतःला सांगून बघितलं. पण त्यांच्याजवळ मी अर्धं आयुष्य काढलं होतं, आणि ही नजर चुकलेली मला एकदाही आठवेना. मी विचारलं नव्हतं. एवढी वर्षं ओठापर्यंत आलेलं मी गिळलं होतं, त्यांनी चष्मा पुसत गिळलं होतं, आणि आता ते सगळं आमच्या दोघांच्या मधे पडलं होतं. काकू दारात चहाचे कप घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं.

साहेब उत्तराची वाट बघत होते. पेशंटने उत्तर दिल्याशिवाय ते कधी पुढं जायचे नाहीत.

मी म्हणाली, "आजपासून, साहेब."

त्यांनी मान हलवली, माझ्या हातावर थोपटलं आणि रिकाम्या अंगणाकडे बघून म्हणाले, "बरं. पुढच्याला पाठवा."